पिशवीतल्या सपाता

एलिफने सकाळपासून नॉर्वेतलं आपलं अख्खं बर्गन गाव गुन्व्होरच्या पायाखालून घातलं होतं. एकाहत्तर वर्षांचा हा बाबा, फेरीबोटीच्या इंजिनापाशी जन्म काढलेला, पण उत्साह बघा! धक्क्यावरची ती जुनी वाकडी लाकडी घरं झाली, मासळीबाजार झाला, डोंगरही झाला. वर धुकं इतकं की बंदर दिसेचना. तरी हा आपला बोट दाखवून सांगतोय, "तिथे बंदर आहे बरं का!"

गुन्व्होर दूरच्या हामार गावची. दोघं उन्हाळ्यात गायनाच्या मेळाव्यात भेटली, आणि तेव्हापासून दर रविवारी फोन. तिने कायमचं आपल्याकडे राहायला यावं, एवढंच एलिफला हवं होतं. पण विचारायची छाती होत नव्हती. चारच्या गाडीने ती परत जाणार होती.

"काय रे एलिफ, गाव दाखवतोयस की विकतोयस?" मासळीवाल्या तोरलाइफने डिवचलंच.

"एवढ्या पावसासकट कोण घेतंय!" गुन्व्होर हसली. मग तिने तिसऱ्यांदा विचारलं, "तुझं घर कुठेय?"

"त्या तिकडे, नॉर्डनेसला. साधंच आहे गं. आधी किल्ला बघू."

खरी गोष्ट अशी, की एलिफ घाबरला होता. गाव नाही आवडलं तर पावसावर ढकलता येतं. घर नाही आवडलं, तर ते कुणावर ढकलायचं?

किल्ल्याच्या दारात गुन्व्होर थांबली. "पुरे आता. ही पिशवी सकाळपासून कशाला वागवतेय मी?" तिने पिशवी उघडली. आत करड्या लोकरी सपाता होत्या, घरात घालायच्या.

एलिफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरचे बूट घालून नॉर्वेत कुणी कुणाच्या घरात जात नाही. निवांत बसायचं असेल तर पाहुणा स्वतःच्या सपाता घेऊन येतो. बाई घरी यायच्या तयारीने आली होती आणि हा तिला दगड दाखवत होता!

घरी आल्यावर तिने दारात बूट काढले, सपाता चढवल्या. टेबलावर ठेवलेलं सफरचंद गडगडत खाली गेलं.

"जमीन जरा उतरती आहे," एलिफ पुटपुटला.

"अरे वेड्या, धक्क्यावरच्या वाकड्या घरांचं सकाळी एवढं कौतुक केलंस, आणि स्वतःच्याची लाज वाटते होय?"

दोघांनी कॉफी घेतली, सफरचंद अर्धं अर्धं खाल्लं. एलिफचं विचारायचं ते राहूनच गेलं. साडेतीनला गुन्व्होर उठली, बूट घातले, रिकामी पिशवी घडी करून खिशात टाकली.

"अगं, सपाता राहिल्या!"

"राहू देत," ती म्हणाली. "हामारला आहेत दुसऱ्या. या इथल्या."

एलिफचे डोळे भरून आले. त्याने त्या सपाता उचलल्या आणि आपल्या सपातांशेजारी नीट लावून ठेवल्या.

"चल रे लवकर," ती दारातून म्हणाली, "गाडी चुकेल. किल्ला पुढच्या खेपेला."