किरकोळ सुधारणांतली सतरावी ओळ

यादी म्हटलं की तुम्हाला आधी किराणा आठवणार, नाहीतर लग्नातला आहेर. मी त्यातली नव्हे. संगणकाला कामं सांगायची ‘गुंफण’ नावाची एक भाषा आहे, तिच्या सहाव्या आवृत्तीत काय काय बदललं ते सांगणारी यादी मी. बोलतेय ती मीच. मला लिहिलं इंग्रजीत, पण माझ्यावरून भांडणं झाली ती मराठीत, म्हणून मलाही मराठीतच बोलता येतं.

माझा जन्म आबिड्सच्या गजबजलेल्या बाजारपेठेतला. मोठ्या पोस्टामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर अकरा माणसांची कचेरी आहे. गुंफण भाषा हीच माणसं सांभाळतात. कोणी तिच्यात भर घालतं, कोणी मोडकं नीट करतं, आणि जे केलं त्याची एक ओळ माझ्यात येऊन पडते. अशा एकशे बारा ओळींची मी झाले. माझ्याच तोंडानं सांगते, मी दिसायला छान होते.

मला घडवलं प्रणितानं. त्याच शहरातल्या नल्लकुंट्याची मुलगी. आजोबांच्या वेळी घरची शेती सोडून शहरात आलेलं मराठी घर, त्यामुळे तिच्या बोलण्यात दखनी ‘हौ’ आणि ‘नक्को’ सहज येतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची भाषा म्हणजे खडे निवडायचे राहिलेला तांदूळ. प्रणिता तो निवडायची, धुवायची, मऊ शिजवायची. तिच्या याद्या लोक आवडीनं वाचायचे आणि पत्रं पाठवून कौतुक करायचे. त्या कौतुकानंच घात केला, बघा.

कचेरीतली रीत अशी: ज्यानं बदल केला त्यानं ओळ खरडायची, प्रणितानं ती सुधारायची, आणि मग दोघांनी खाली आपापल्या नावाचा होकार द्यायचा. ओळ कुठल्या मथळ्याखाली घालायची तेवढं मात्र सगळे तिच्यावर सोडत. मथळे तीन. ‘नवीन’, ‘किरकोळ सुधारणा’ आणि ‘जुनं मोडणारे बदल’. तिसऱ्या मथळ्याला सगळेच घाबरतात. जुने प्रोग्राम ज्यामुळे वेगळे वागतील ते सगळं त्यात सांगावं लागतं, आणि ते वाचून गिऱ्हाईक बिचकतं.

त्या वर्षी तर तो मथळा रिकामाच ठेवायचा होता. कचेरीचे प्रमुख विवेक, पुण्याहून आलेले, डोकं थंड आणि जीभ गोड. दवाखान्यांची एक मोठी साखळी गुंफण घ्यायला तयार झाली होती. अट एकच: जुनं काही मोडता कामा नये. विवेकनी शब्द देऊन टाकला. ते दिवसातून दोनदा प्रणिताच्या टेबलापाशी येऊन माझा तिसरा मथळा बघून जात. त्याखाली ‘काही नाही’ असं लिहिलेलं दिसलं की त्यांना चहा गोड लागायचा.

आणि शिवराजची ओळ आली. शिवराज म्हणजे बोलायला कंजूस, कामाला वाघ. त्यानं लिहिलं होतं: ‘हिशोबात रिकामी नोंद आली तर आता प्रोग्राम थांबणार नाही. ती नोंद वगळून पुढे जाईल.’ ओबडधोबड, पण कुणालाही कळेल असं. प्रणिताला ते रुक्ष वाटलं. तिनं केलं: ‘रिकाम्या नोंदींची हाताळणी आता अधिक सहज झाली आहे.’ आणि टाकलं किरकोळ सुधारणांत, सतराव्या जागी. शिवराजनं वाचलं, खांदे उडवले, होकार दिला. मला स्वतःलाही ती ओळ आवडली होती. खोटं कशाला बोलू?

मग मी चाचणीच्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले. खरी आवृत्ती यायच्या दोन आठवडे आधी ती हौशी लोकांना वापरायला देतात. त्या हौशी लोकांत एक होते हिम्मतराव.

हिम्मतराव छप्पन वर्षांचे. शहराबाहेर औषधांचं एक गोदाम आहे, तिथे संगणक सांभाळतात. कुठल्या कॉलेजात न जाता, पुस्तकं वाचून गुंफण शिकलेले. प्रत्येक यादी आली की वाचून प्रणिताला फोन करायचे, कळलं-न-कळलं सांगायचे. ती त्यांना काका म्हणायची. एकमेकांना बघितलेलंही नव्हतं, पण माया होती.

त्यांच्या गोदामात इन्सुलिनची थंड कपाटं आहेत. प्रत्येक कपाटात तापमापक. हिम्मतरावांचा प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांचं तापमान वाचायचा. एखाद्या तापमापकाकडून काहीच आलं नाही, म्हणजे नोंद रिकामी आली, की प्रोग्राम बंद पडायचा. आणि प्रोग्राम बंद पडला की हिम्मतरावांनी जोडलेला भोंगा बोंबलायचा. साधी युक्ती, आठ वर्षं चाललेली. जुनं मोडणारं ‘काही नाही’ असं माझ्यात वाचून त्यांनी चाचणीची आवृत्ती गोदामातही घातली. प्रोग्रामचं थांबणं हाच त्यांचा राखणदार होता, आणि तो राखणदार माझ्या सतराव्या ओळीनं झोपवला.

एका मंगळवारी चौथ्या कपाटाची वायर जळली. गारवा गेला, तापमापकही गेला. नोंद रिकामी आली. प्रोग्राम सुखानं ती ओलांडून पुढे गेला. भोंगा गप्प. गुरुवारी सकाळी उषा नावाची बाई खोकी काढायला गेली, तेव्हा तिच्या हाताला खोकं गार लागेना. तिनं तिथूनच हाक मारली. त्या कपाटातलं एकही खोकं बाहेर गेलेलं नव्हतं, नशीब कोणाचं तरी थोर. पण कपाटभर औषध फेकावं लागलं. हिम्मतरावांना सांगण्यात आलं, घरी बसा, सोमवारी अकराला मालकीणबाईंसमोर या.

त्या गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. प्रणिताला वाटलं नेहमीसारखाच असेल. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत.

“बेटा, यादी मी वाचली होती,” ते म्हणाले. “दोनदा वाचली. सतरावी ओळ पण वाचली. म्हटलं, सहज झालंय तर चांगलंच हाय की. आता इथं सगळे म्हणतात, म्हाताऱ्यानं न वाचताच नवीन घातलं. माझं काय चुकलं तेवढं सांग.”

फोन ठेवल्यावर प्रणितानं मला उघडलं आणि सतराव्या ओळीकडे बघत बसली. डबा तसाच राहिला. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

शिवराजला तिनं विचारलं, बदल मागे घेता येईल का? तो म्हणाला, त्याच्यावर बाकीचं इतकं उभं राहिलंय की काढायला दोन महिने लागतील, आणि दहातल्या नऊ लोकांना तो हवाच आहे. बदल वाईट नव्हता हो. तो सांगितला गेला नव्हता, एवढंच. आणि खरी आवृत्ती शनिवारी दुपारी चारला निघणार होती. एकदा निघाली की माझ्यातली अक्षरं कायमची. निघालेल्या यादीला कोणी हात लावत नाही, हा कचेरीचा नेम.

शुक्रवारभर विवेक बाहेर, त्या दवाखान्यांच्या लोकांबरोबर. शनिवारी सकाळी प्रणिता आली ती सरळ टेबलापाशी. सतरावी ओळ पुसली. तिसऱ्या मथळ्याखालचं ‘काही नाही’ पुसलं. आणि तिथं लिहिलं:

‘हिशोबात रिकामी नोंद आली की आजवर प्रोग्राम थांबत असे. आता तो थांबणार नाही, ती नोंद वगळून पुढे जाईल. त्या थांबण्यालाच तुम्ही इशारा मानत असाल, तर तुमचा इशारा बंद झाला आहे. चाचणीच्या यादीत हे आम्ही कळणार नाही अशा शब्दांत लिहिलं. ती चूक आमची आहे, वाचणाऱ्याची नाही.’

पाच वाक्यं. एकातही साखर नाही. मला अंगावर जखम झाल्यासारखं वाटलं, पण खरं सांगते, हलकंही वाटलं.

तीनच्या सुमाराला विवेक आले. त्यांनी वाचलं. चेहरा उतरला तरी आवाज चढवला नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावत राहिले, की पहिली तीन वाक्यं राहू देत, तेवढं सोसेन मी, पण शेवटची दोन काढ. जगात कोणी कंपनी स्वतःच्या हातानं असं लिहून देत नाही. उद्या ते दवाखानेवाले हे वाचतील. अकरा घरांच्या चुली यावर आहेत, त्यात तुझीही आहे. हे सगळं खरंच होतं. विवेक काही दुष्ट माणूस नव्हेत.

“सर, ती दोन काढली तर काका सोमवारी हातात काय घेऊन जातील?” प्रणिता म्हणाली.

विवेक म्हणाले, त्यांना मी वेगळं पत्र देतो, खासगी. प्रणिता म्हणाली, खासगी पत्र म्हणजे उपकार. आणि यादीवर विश्वासून चूक झाली, तर उत्तरही यादीतच पाहिजे. तिनं आपल्या नावाचा होकार दिला.

आता दुसरा होकार शिवराजचा. चारला वीस मिनिटं. तो आपल्या जागी मान खाली घालून. त्याची बायको आठव्या महिन्यात, नोकरीची गरज त्याला सगळ्यात जास्त. विवेक त्याच्याकडे बघत होते, प्रणिता बघत नव्हती. चारला बारा. चारला नऊ. सगळी कचेरी उगाच कीबोर्ड बडवत होती, काम कोणीच करत नव्हतं.

शिवराजनं होकार दिला. म्हणाला फक्त एवढंच, की पहिली ओळ माझी बरोबर होती आणि मी ती बिघडू दिली.

विवेकना अजूनही सगळं थांबवता आलं असतं, प्रमुखाला तो हक्क असतो. ते उठले. “माझा याला होकार नाही, हे दोघांनी लक्षात ठेवा,” म्हणाले आणि चहाला खाली निघून गेले. चार वाजले. मी गेले जगात.

रविवारी त्या दवाखान्यांच्या साखळीचं पत्र आलं: तूर्तास आमचा विचार थांबवत आहोत. सोमवारी विवेक कचेरीत शिरले ते कोणाशी न बोलता. दार लावून बसले. प्रणितानं टेबलाचे खण आवरायला घेतले. आपली नोकरी गेली, हे न सांगता तिला कळलं होतं.

आणि त्याच वेळी मी गोदामातही होते. आम्हा याद्यांचं एक असतं, पडद्यावर असताना कागदावरही असता येतं. हिम्मतरावांनी मला छापून, चार घड्या घालून खिशातून नेलं होतं. समोर मालकीण चारुलताबाई. वडिलांमागे गोदाम एकटीनं चालवणारी, शब्दाला पक्की बाई. हिम्मतरावांनी मला उलगडून त्यांच्यासमोर ठेवलं. कागद सरळ राहावा म्हणून कोपऱ्यावर बोट धरलं होतं. ते बोट घामानं ओलं होतं.

बाईंनी पाचही वाक्यं वाचली, परत वाचली. मग म्हणाल्या, असा कागद कोणीही छापून आणेल, स्वतःची चूक कबूल करणारी कंपनी मी तरी पाहिलेली नाही. खाली कचेरीचा नंबर होता. त्यांनी टेबलावरच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

तिकडे तो विवेकनीच उचलला.

बाईंनी नाव सांगितलं, गोदाम सांगितलं, आणि ती शेवटची दोन वाक्यं वाचून दाखवली. हे खरं आहे का, की तुमच्या कोणीतरी आमच्या माणसावर दया येऊन लिहिलंय, असं सरळ विचारलं.

इकडे हिम्मतराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे. तिकडे काचेपलीकडे प्रणिता हातात स्टेपलर घेऊन थांबलेली. विवेकनी दिलेला शब्द गेला होता, गिऱ्हाईक गेलं होतं, आणि होकार तर त्यांनी दिलाच नव्हता. ‘चौकशी करून कळवतो’ एवढं म्हणाले असते तरी हिम्मतरावांची नोकरी गेली असती. बाईंनी ‘हॅलो’ म्हटलं.

“खरं आहे, बाई,” विवेक म्हणाले. “तुमच्या माणसानं यादी वाचली होती. आम्हीच ती कळू नये अशी लिहिली. माझं नाव लिहून घ्या.”

चारुलताबाईंनी फोन ठेवला. मला उचललं, नीट घडी घातली आणि आपल्या फायलीत लावलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “हिम्मतराव, भोंगा आजच्या आज चालू झाला पाहिजे.”

हिम्मतराव हो म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. उषानं त्यांना पाणी दिलं म्हणे. ते रडले की नाही, मला फायलीतून दिसलं नाही.

विवेकनी प्रणिताला जायला सांगितलं नाही, तिनं आपले खण पुन्हा भरले. ते दवाखानेवाले काही परत आले नाहीत, आणि ते वर्ष कचेरीनं ओढूनताणून काढलं. विवेक आणि तिच्यात आजही थोडं अंतर आहे. आदर आहे, पण अंतर आहे. फुकटात काही होत नसतं.

माझ्यानंतर दोन याद्या आल्या. मला आता कोणी उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे, जुन्या यादीचं काम संपलेलं असतं. जाता जाता एवढंच मागणं. नवं काय आलं ते तुम्ही सगळेच हौसेनं विचारता. बाबांनो, काय बंद झालं तेही विचारत चला. आणि लिहिणाऱ्यांनो, कोणीतरी कुठेतरी तुमची ओळ दोनदा वाचतं आहे, तुमच्यावर भरवसा ठेवून. त्याला कळेल असं लिहा.