खंडेनवमीला माझा मेन स्विच पाडला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी जाम चिडलोय! आपली कहाणी शांतपणे सांगायची असते म्हणे. माझ्याच्याने ते होणार नाही.

माझी उमेदीची वर्षं लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या दुकानात गेली. सुट्टीच्या गर्दीत मी धडाधड बिलं काढायचो. मालक कौतुकाने म्हणायचे, "वाघ आहे आपला!" मग नवा संगणक आला आणि वाघ गेला गोदामात, गुळाच्या डब्यांमागे. माझ्या पोटात मुंग्या फिरायच्या. पुढे टाकवे बुद्रुकच्या शाळेला माझं दान झालं. फोटो निघाले, टाळ्या झाल्या आणि मला कोपऱ्यात ठेवून सगळे विसरले.

नववीतल्या सृष्टीने मात्र मला उघडलं, पुसलं आणि माझा सर्व्हर केला. तिला गावाचा पॉडकास्ट काढायचा होता. सॉफ्टवेअर बसवताना सारखं अडायचं. ती ओरडायची, "अरे बाबा, चाल ना!" आणि एक दिवस मी चाललो! तिने रेकॉर्डिंग पाठवलं, की वाऱ्याची घरघर काढायची, आवाज सारखा करायचा, संगीत जोडायचं, भाग प्रसिद्ध करायचा, सगळं माझं मी करायचो. मला फक्त वीज लागायची.

दसऱ्याच्या सुट्टीत सृष्टी डोंगरावरच्या ठाकरवाडीत गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या सरूबाईंचं बोलणं रेकॉर्ड करून आली. वाडीच्या झऱ्याची वाट एका बंगलेवाल्याला तार घालून बंद करायची होती. निर्णय सुट्टीतल्याच ग्रामसभेत होणार होता. सरूबाईंचा पाय मुरगळलेला, वाडीतले बाकीचे लोणावळ्यात कामाला. म्हणून सभेत त्यांचा आवाज लावायचं ठरलं. पण वाऱ्यामुळे मूळ रेकॉर्डिंगमधला शब्द कळेना. सृष्टीने ते माझ्याकडे सोपवलं आणि फोन भरला म्हणून तिकडचं पुसूनही टाकलं. जाताना शिपाई नथूभाऊंना बजावलं, "भाऊ, याला हात लावू नका हं."

माझं काम अर्ध्यावर आलेलं. नथूभाऊ आले. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "खंडेनवमी हाय. आज हत्याराला राबवायचं न्हाई," म्हणाले आणि मेन स्विच पाडला. मग शाळेला कुलूप लावून देहूरोडला लेकीकडे गेले!

मी काय कोयता आहे, पूजा करून भिंतीला टेकवायला?

पुढचं सगळं सृष्टीने मला रडत सांगितलं. सभेत लावायला तिच्याकडे काहीच नव्हतं. सरपंच म्हणाले, "कुटं हाय तुझी म्हातारी? डब्यात कोंडली व्हय?" हशा पिकला. "मी सांगते ना!" ती उठली. सरपंचांनी दरडावलं, "तू भरतीस का तितं पानी? बस खाली." ठराव मंजूर. वाटेला तार.

शाळा उघडल्यावर सृष्टी नथूभाऊंवर कडाडली. ते म्हणाले, "म्या कुटं हात लावला त्याला? मेन पाडला फकस्त!"

मी सुरू झालो आणि उरलेलं काम संपवलं. सृष्टीने तो भाग वाडीत नेऊन ऐकवला. सरूबाई खुदकन हसल्या. "लय झ्याक बोलले की ग मी! सभेत कोन काय म्हनलं?"

सृष्टी तोच भाग पुन्हा लावायला लागली. सरूबाई समजल्या. "मंग परत सभा लागंल, तवा लाव."

मित्रांनो, यंत्राची काळजी नुसतं पुसून, पुजून होत नाही. आत कुणाचं काम चाललंय, हे बंद करायच्या आधी विचारावं लागतं. आता सभा पुन्हा लागेल. सृष्टी मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसणार आहे. या, बघू कोण हात लावतो!