रिकाम्या फिल्मचा उजेड

"नळी नाई, त उजेड कुठून येऊन राह्यला?" प्रा. बापूराव ताकसांडे यांनी विचारले.

त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी नंदिनी पडद्याकडे पाहत होती. पडद्यावरचा आलेख दोघांनाही दिसत होता. डावीकडे लेसरच्या झोताचा उंच सुळका, मग तीव्र उतार, आणि त्यापुढे शून्याला न टेकता उजवीकडे लांबत गेलेली फिकट शेपटी. ती शेपटी हाच बापूरावांचा शोध होता.

कार्बनची ही नळी केसाहून हजारो पटींनी बारीक असते. तिच्या भिंतीत रसायनाने एखादा दोष निर्माण केला, की लेसरने दिलेली ऊर्जा नळीवरून सरकत त्या दोषापाशी अडकते आणि तेथून प्रकाश होऊन बाहेर पडते. सेकंदाच्या अब्जांशाच्या आत तो प्रकाश बहुतेक विझतो. तो कसा विझतो, एवढाच बापूरावांच्या संशोधनाचा विषय होता. झटकन विझणारा भाग जगात अनेकांनी मोजला होता. त्यानंतर रेंगाळणारा मंद भाग मात्र केवळ बापूरावांना सापडला होता, वर्ध्याच्या एका महाविद्यालयातील पत्र्याच्या छताखाली. त्यावर त्यांचे तीन शोधनिबंध होते, आणि नंदिनीच्या प्रबंधातील तिसरे प्रकरणही.

आज यंत्रात नळ्या नव्हत्या. ज्या पारदर्शक फिल्मवर नळ्या पसरतात, ती नुसती फिल्म होती.

"जुन्या मापात रिकाम्या फिल्मले शेपटी नव्हती," बापूराव म्हणाले.

"जुनं माप चहा येईपर्यंतचंच हाये, सर."

हे खरे होते. उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसे आणि प्रकाश टिपणारा डिटेक्टर थंड ठेवावा लागे. म्हणून यंत्राचा वेळ नळ्यांसाठी राखला जाई. यंत्राचाच काही उजेड येतो का हे पाहायला रिकामी फिल्म मोजायची, ती शिपाई बंडूजी चहा आणायला खाली उतरले, की ते वर येईपर्यंत. विभागातील प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकवले जाई. नंदिनीला ते बापूरावांनीच शिकवले होते, आणि त्यांच्या लेखी ती काटकसर होती. एवढ्या अवधीत क्षीण प्रकाश नोंदला जात नाही. सुळक्यापुढे आलेख शून्यासारखा दिसे आणि सर्वांनी त्याला शून्य मानले होते. नंदिनीला काही सिद्ध करायचे नव्हते. तिचे नमुने संपले होते, यंत्र मोकळे होते, म्हणून तिने रिकामी फिल्म नळ्यांइतकाच वेळ मोजली.

"डिटेक्टरपुढं लेसर अडवाले लावलेली ते लाल काच," ती म्हणाली. "लेसर पडला का तेच चमकत असंन."

"असंन म्हणून चालत नाई. काच बदल."

काच बदलली. रिकामी फिल्म पुन्हा मोजायला ठेवली. बंडूजी चहा घेऊन आले आणि दोघांना पडद्याकडे टक लावलेले पाहून थबकले.

"का जी सर, रिटायर होता होता मशीन बिघडवली काय?"

"मशीन चांगली हाये, बंडूजी. चहा ठेवा."

दुपार कलली. सुळका उतरला, शून्याला टेकला आणि तिथेच राहिला. शेपटी नव्हती. मग बापूरावांनी स्वतःच्या हाताने नळ्यांचा नमुना बसवला. दुसऱ्या दिवशी त्याचाही आलेख आला. झटकन विझणारा भाग होता. मंद भाग नव्हता.

"सर," नंदिनी म्हणाली, "शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ हाये. त्याच्यानंतर सांगू ना. कोणाले काय घाई हाये?"

"अन् शुक्रवारी प्राचार्य तोच शोध वाचून दाखवतीन, ते मी खाली मान घालून आयकू?"

"माझं तिसरं प्रकरण जाते."

"जाते. आणखी वर्षभर लागंन तुले."

"ते मी पाहून घेईन, सर. पन तुमच्याजवळ दुसरं काय राह्यते?"

बापूरावांनी चष्मा काढून पुसला. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्यांना ठाऊक होते. "नळी विझते ते त राह्यतेच," ते म्हणाले. "फक्त ते मले सापडलं नाई."

शुक्रवारी सभागृह भरले. समुद्रपूरहून नातेवाईक आले होते. पत्नी कमलाबाई पहिल्या रांगेत होत्या. प्राचार्यांनी शाल आणि श्रीफळ दिले. कार्बन नळीतील मंद ऱ्हासाचा शोध लावून या महाविद्यालयाचे नाव विदेशात नेणारे, अशी ओळख त्यांनी करून दिली.

बापूराव माइकपाशी आले. त्यांनी भाषण लिहून आणले नव्हते.

"प्राचार्यांनी ज्या शोधाचा उल्लेख केला, तो चुकीचा आहे," ते म्हणाले. "तो प्रकाश नळीचा नव्हता. आमच्या यंत्रातल्या काचेचा होता. रिकामी फिल्म मोजायला मी पुरेसा वेळ दिला नाही. ही चूक नंदिनी थूल यांनी शोधली."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सभागृहाने ती उचलली. "बघा, केवढा मोठेपणा!" प्राचार्य शेजारच्यांना म्हणाले.

बापूराव थांबले. "टाळ्या वाजवू नोका," त्यांच्या तोंडून निघाले. "मी खरं सांगून राह्यलो."

यावर लोक प्रेमाने हसले आणि टाळ्या वाढल्या. सूत्रसंचालकाने दुसरा माइक घेऊन सांगितले, की खऱ्या विद्वत्तेची खूण विनय हीच असते. कमलाबाईही डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.

बापूरावांनी रांगांवरून नजर फिरवली. तिसऱ्या रांगेत नंदिनीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने ते हलवले नव्हते.

तिच्याकडे पाहत त्यांनी राहिलेले वाक्य पूर्ण केले: तिन्ही निबंध मागे घेत असल्याचे त्यांनी त्या त्या नियतकालिकांना कळवले होते. टाळ्यांमुळे ते कोणालाच ऐकू गेले नाही. नंदिनीने ओठांवरून ते वाचले आणि होकारार्थी मान हलवली. बापूराव खुर्चीवर जाऊन बसले.