मेंढरं बसवलेला ढिगारा

मित्रांनो, या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसतो तसे, मांडी घालून. एक गोष्ट सांगतो. ती माझ्या थोरवीची नाही. माझ्या हातून घडलेल्या पापाची आहे.

मी एक जुना ढिगारा आहे. आटपाडीच्या माळावर खडीसाठी टेकडी फोडली, तेव्हा नको असलेला मुरूम आणि फुटका दगड उतारावर ओतला, तोच मी. पुढे खाण बंद पडली. कोणीतरी येऊन माझ्यावर एकाच जातीची रोपे ओळीने लावली, फोटो काढले. उन्हाळ्यात ती सगळी वाळली. दर पावसात मी थोडा थोडा घसरत होतो, आणि खाली आप्पासो मेंढक्याची वस्ती होती.

आमच्याकडे खतासाठी शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतात. आप्पासोंनी आपला कळप माझ्यावर बसवला.

"आवं मामंजी, दगडाचं पीक काढताय व्हय?" सून रंगुबाई हसली.

"दगूड उपाशी हाय गं. म्हणून पळतोय खाली."

लेंड्यांतून बोरी-बाभळीचे बी आले. पावसाबरोबर माझ्या अंगावर हिरवी लव फुटली. पण मेंढरांना बसायची जागा ठाऊक झालेली. ती आपणहून वर येऊन कोवळे कोंब ओरबाडू लागली.

"हाकला की त्यास्नी, मुळं उपटत्यात," आप्पासोंची बायको मनुबाई म्हणाली.

"खाऊ दे. आपल्याच लेंड्यांचं हाय."

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. मला धरून ठेवायला काही उरले नव्हते. मी सुटलो. खाली मनुबाई वाघरातून, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणातून, कोकरे बाहेर काढत होती. कोकरे वाचली. ती नाही.

दिवसकार्य झाल्यावर आप्पासो वर आले. मला वाटले, शिव्या देतील. त्यांनी पुन्हा मेंढरे बसवली, आणि पुढच्या पावसाआधी, कोंब फुटायच्या आत, कळप दूर कोरेगावकडे चरायला नेला. त्यानंतर एकही मेंढरू माझ्यावर चढू दिले नाही. मग दुष्काळ पडला.

"आबा, जनावरं मराय लागल्यात. वर चारा हाय की," लेक विश्वजीत म्हणाला.

"त्यो चारा न्हाई लेकरा, घराची भिंत हाय. एकदा चारून बसलोय मी."

त्या साली निम्मा कळप गेला. पण आप्पासो शब्दावरून हलले नाहीत.

हळूहळू तरवड आला, रुई आली, कुसळी गवताने माझी कातडी धरली, बोरीने पोटात खोल मूळ घातले. कुणा एकाच झाडाचे हे काम नव्हते. गेल्या साली आठवडाभर पाऊस कोसळला. मी जागचा हललो नाही. उघडीप पडल्यावर आप्पासो आले, दगडावर हात ठेवून म्हणाले, "धरलंस बाबा."

मित्रांनो, उजाड केलेल्या जमिनीला नाना तऱ्हेचे बी द्या, आणि ते रुजेपर्यंत हात आवरा. एवढेच मागणे. आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा मनुबाईचे नाव एकदा घ्या. मी रोज घेतो. पण माझ्या तोंडून ते त्याच्यापर्यंत पोचत असेल का, ठाऊक नाही.