ताशोलुकचं एक निळं मत

पांढऱ्या चिठ्ठ्यांची चळत वीतभर उंच झाली होती, आणि निहात मास्तरांचा ‘पांढरी, पांढरी, पांढरी’ असा जप इतका एकसुरी चालला होता, की शाळेत मोजणी बघायला बसलेले निम्मे लोक पेंगत होते. मग मास्तर थांबले. त्यांनी हातातली चिठ्ठी उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. दोन्ही बाजूंनी ती निळीच होती.

पांढरी म्हणजे नव्या राज्यघटनेला होकार, निळी म्हणजे नकार. घटना लष्कराने करून घेतली होती, आणि ती किती चांगली आहे हे पाशा, म्हणजे सत्ता घेतलेले सरसेनापती, स्वतः तुर्कस्तानभर हिंडून सांगत होते. ती वाईट आहे असं सांगायला बंदी होती, त्यामुळे चर्चा फार लांबत नसे. नोव्हेंबर उजाडेपर्यंत ताशोलुक गावाने निळ्या रंगालाच वाळीत टाकलं होतं. इमामांनी आपल्या गाढवाच्या गळ्यातला दृष्टीचा निळा मणी काढून ठेवला. वाण्याने दुकानाचं निळं दार पांढरं करायला घेतलं, अर्ध्यात रंग संपला, तेव्हा उरलेल्या अर्ध्यावर गोणपाट टांगून तो मोकळा झाला.

दुर्सुनला त्या चिठ्ठीचं नवल वाटलं नाही. तो गावचा मुख्तार, म्हणजे निवडून आलेला पाटील. दोन वर्षांपूर्वी लष्कराने सत्ता घेतली तेव्हा संसद, पक्ष, संघटना सगळं बरखास्त केलं. ताशोलुकचा मुख्तार बरखास्त करायचं तेवढं कोणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून सकाळपासून तो मतपेटीशेजारी बसून होता. त्याच्या बायकोने, झेलिहाने, पेटीत लिफाफा टाकला तेव्हा खिडकीतल्या उन्हात आतलं निळं दिसलं होतं. लिफाफे फार पातळ कागदाचे होते. सरकारची काटकसर असावी.

“लिहू?” मास्तरांनी विचारलं.

“लिहा,” दुर्सुन म्हणाला.

त्याला काही वाटलं नाही. मुलगा तुर्गाय शहरातल्या लष्करी तुरुंगात गेल्यापासून त्याला फारसं काही वाटतच नसे. मागे एकदा तो उकळत्या चहाचा पेला मुठीत धरून बसला होता. शेजाऱ्याने पेला काढून घेतला तेव्हा तळवा लाल झालेला दिसला. “भाजलं की रे,” शेजारी म्हणाला. दुर्सुनने तळव्याकडे बघितलं आणि ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चौकीचे सुभेदार जेव्देत जीपमधून उतरले.

“मुख्तार, काय केलंस हे?”

“मी काय केलं साहेब?”

“शेजारच्या गावात शंभर टक्के. ओढ्यापलीकडे शंभर टक्के. तिथे दोघं अंथरुणाला खिळलेत, तरी शंभर टक्के! आणि तुझ्याकडे एक निळी. अरे, दहा-वीस निघाल्या असत्या तर मी म्हटलं असतं, चला, लोकशाही आहे. एक निघाली म्हणजे तो माणूस झाला. माणसाला नाव असतं. वरचे मला नाव विचारतात.”

“पण मत गुप्त असतं ना, साहेब?”

“गुप्तच आहे. नाहीतर तुला कशाला विचारलं असतं?”

सुभेदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी दुर्सुनला सिगरेट दिली, स्वतःच्या काडीने पेटवून दिली, आणि आवाज खाली आणला. “तुझा भेटीचा अर्ज वर्षभर माझ्या टेबलावर पडलाय. घरच्यांची वागणूक बरी आहे एवढं मी लिहिलं की पोरगा दिसेल तुला. नाव आण, सही ने.”

दुपारी चहाच्या दुकानात गाव जमलं. मुख्तारची अडचण म्हणजे गावची अडचण, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता.

“हमदीचं नाव दे, दुर्सुन आगा,” न्हावी सेफेर म्हणाला.

“हमदी मेलाय.”

“यादीतून कुठे मेलाय? आणि जिवंत होता तेव्हा तरी तो कशाला हो म्हणायचा?”

“म्हणजे मेलेल्या माणसाने येऊन मत दिलं, असं सांगू साहेबांना?”

“ओढ्यापलीकडे नाही का आले? त्यांचे पांढरे निघाले, एवढंच.”

सगळे हसले. वाणी तर ठसका लागेपर्यंत हसला. पण हसताना एकानेही दुर्सुनच्या तोंडाकडे बघितलं नाही. जो तो आपल्या पेल्यातली साखर ढवळत राहिला, विरघळून गेलेली साखरसुद्धा. तेव्हा दुर्सुनच्या लक्षात आलं, की सगळ्यांना ठाऊक आहे. मत गुप्त होतं ते फक्त सरकारपासून.

घरी झेलिहा भिंतीला टेकून पायमोजे विणत होती.

“पाणवठ्यावर सांगितलंस?”

“बायकांनी विचारलं, सांगितलं. त्यात लपवायचं काय?”

“पण दिलंस कशाला?”

“मी मास्तरांना विचारलं, यातल्या कुठल्या कागदाने आमचा तुर्गाय सुटेल? ते म्हणाले, काकू, कुठल्याच नाही. मग म्हटलं, यांना हवाय तो तरी कशाला द्या?”

“सुभेदार नाव मागतोय.”

“दे की. झेलिहा. तुला पाठ आहे.”

“मग भेट नाही मिळायची.”

सुया थांबल्या. तिने पायमोज्याची टाच ताणून बघितली.

“दुसऱ्या कुणाचं नाव देऊ नकोस,” ती म्हणाली. “त्याच्या घरी पण कोणीतरी असेल. बाकी तुला काय करायचं ते कर, तुर्गायच्या बापा. मला पोराचं तोंड बघायचंय.”

दुर्सुन चौकीवर गेला. सुभेदारांच्या समोर निहात मास्तर टोपी मांडीवर ठेवून बसले होते, आणि दोघांच्या मध्ये मतांची पिशवी होती.

“साहेब, ते मत माझं,” दुर्सुन म्हणाला.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. “तुझं? मुख्तारचं? म्हणजे आता तुला काढायचं, तुझी चौकशी करायची, नवा मुख्तार शोधायचा, मग त्याची चौकशी करायची. का रे छळतोस म्हाताऱ्याला? माझी पेन्शन तोंडावर आलीय.” त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग टेबलाचा खण ओढून एक कोरी पांढरी चिठ्ठी काढली. “या भरपूर उरल्यात. छापतानाच सढळ हाताने छापल्या होत्या. ही आत घाल, ती बाहेर काढ. तोवर मी खिडकीतून बाहेर बघतो.”

“आणि ती?”

“शेगडी पेटलेलीच आहे.”

सुभेदार खिडकीशी गेले. मास्तर आपल्या बुटांकडे बघू लागले. दुर्सुनने पिशवीत हात घातला. निळी शोधावी लागली नाही, वरच होती. ती त्याने शेगडीत टाकली. शेगडीवर किटली होती. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात निकाल पुन्हा लिहून काढला, आणि तिघांनी चहा घेतला.

“चूक सुधारता येते,” सुभेदार भेटीच्या अर्जावर सही करत म्हणाले, “हेच तर लोकशाहीचं मोठेपण. आणि मुख्तार, निकाल तूच सांग हं मशिदीच्या कर्ण्यावरून. गावाला बरं वाटेल.”

दुर्सुनने तो सांगितला. ताशोलुकच्या सर्व मतदारांनी होकार दिला आहे, एकही मत विरोधात नाही, असं तो दोनदा म्हणाला, कारण पहिल्या वेळी कर्णा खरखरला होता. घरी आला तेव्हा झेलिहा अंगणात होती. कर्ण्याचं तोंड त्यांच्याच अंगणाकडे होतं. “अंडी किती उकडू?” एवढंच तिने विचारलं.

बुधवारी ते शहरात गेले. तुरुंगात दोन जाळ्या होत्या, मध्ये चार हातांची वाट, आणि त्या वाटेत एक शिपाई फेऱ्या मारत होता. पलीकडच्या जाळीमागे तुर्गाय येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, कान मोठे झाल्यासारखे.

“जेवतोस ना?” झेलिहाने विचारलं.

“जेवतो.”

“थंडी?”

“आहे.”

“पायमोजे आणलेत. घेतले त्यांनी.”

“बरं.”

दुर्सुन म्हणाला, मेंढ्या ठीक आहेत. तुर्गाय बरं म्हणाला. शिपाई एका टोकाला जाऊन परत आला. मग तुर्गाय म्हणाला, “मतदानानंतर इथे यादी वाचून दाखवली. शंभर टक्केवाल्या गावांची. आम्हाला ओळीत उभं करून. ताशोलुक होतं त्यात.”

झेलिहाने दुर्सुनकडे बघितलं. दुर्सुन शिपायाकडे बघत होता. शिपाई अगदी समोर येऊन थांबला होता.

“होतं,” झेलिहा म्हणाली.

“सगळ्यांनी दिलं?”

“सगळ्यांनी.”

“तूपण, आई?”

जाळीला धरलेली तिची बोटं हलली नाहीत. “मीपण दिलं,” ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

तुर्गायने हळूच मान हलवली. “बरं केलंस,” तो म्हणाला, एखाद्या शेजारणीशी बोलावं तसं. “तुम्हाला उगाच त्रास नको.” मग तो वडिलांना मेंढ्यांबद्दलच विचारू लागला, आणि शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा अजून थोडा वेळ उरला होता, पण तिघांपैकी कोणी हुज्जत घातली नाही.

परतीच्या बसमध्ये दुर्सुन खिडकीशी बसला. निम्मी वाट सरली तरी झेलिहा मांडीवरच्या गाठोड्याची गाठ चाचपत होती. ती रडली असती तर काय करायचं हे त्याला ठाऊक होतं; निदान तसं त्याला वाटत होतं.

“माझ्या चिठ्ठीचं काय केलं?” तिने अचानक विचारलं.

“जाळली. मीच.”

“वेळ लागला?”

“नाही.”

तिने मांडीवरचं गाठोडं सोडलं. पायमोजे ठेवून घेतले होते, अंडी परत दिली होती. तिने एक अंडं सोललं, टरफलं रुमालात गोळा केली, आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. त्याने खाल्लं. मीठ घ्यायचं राहिलं होतं.