काढ्याचा चोथा

झाकण खडखडलं. घरात तेवढाच आवाज. आतल्या खोलीत माझ्या नवऱ्याचा, शियूवेनचा डोळा लागला होता, आणि त्याला झोप लागली की आम्ही वाट्यासुद्धा श्वास रोखून ठेवायचो.

मी मातीचं मडकं शेगडीवरून उतरवलं. आत ताकद देणाऱ्या हुआंगची वनस्पतीच्या मुळ्या, लाल बोरं. केमोनं त्याच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पार खाली आणल्या होत्या. त्या वर आल्या तरच पुढचा डोस. डॉक्टरीणबाईंना विचारूनच काढा सुरू केला होता. त्यांनी बजावलं होतं, बाहेरचं माणूस जवळ नको, साधं खरचटणंही नको.

दार लाथेनं उघडलं.

शेजारचा खाटीक छ्यू. हातात डुक्कर टांगायचा लोखंडी आकडा.

"म्हातारी कुठाय?"

"छ्यूभाऊ, हळू बोला. ते झोपलेत."

"झोपू दे! माझी बायको तुमच्या चोथ्यावरून घसरली. सातवा महिना होता, वहिनी. बाळ गेलं!"

मी कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. काढ्याचा चोथा रस्त्यात टाकायचा, लोकांनी तुडवायचा, म्हणजे आजार त्यांच्या पायांबरोबर निघून जातो, अशी सासूबाईंची समजूत. त्या रोज चौकात टाकून यायच्या.

"चौकात हल्ली सगळे स्कूटरवर," त्या पुटपुटल्या. "पाय कुणाचा पडतो? तुझ्या दुकानापुढे गर्दी असते, म्हणून..."

"म्हणून माझ्या दारात मरण ओतलंस, थेरडे?"

आकडा फिरला. मडकं फुटलं. उकळता काढा माझ्या हातावर आला आणि कातडी सोलून गेला. त्यानं सासूबाईंचे केस धरून त्यांना भिंतीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावले. माझ्या लेकीची, तांगतांगची नखं कापताना माझा हात थरथरतो, पण तेव्हा तोंडात रक्ताची चव येईपर्यंत दात सोडले नाहीत.

"छ्यू, आईला सोड." दारात शियूवेन. डोक्यावर केस नाही, तोंडाला मास्क, भिंतीला धरून उभा. "मला मार."

छ्यूनं मारलं. कोपर नाकावर बसलं आणि शियूवेन खाली कोसळला. मी कोळशाचा चिमटा उचलला आणि छ्यूच्या खांद्यावर, पाठीवर, गुडघ्यावर हाणत राहिले. तो खाली बसला तरी हाणत होते. मग लक्षात आलं, तो हात वर करतच नाहीये. नुसता रडतोय.

"मुलगी होती, वहिनी," तो म्हणाला.

माझ्या हातातून चिमटा पडला.

शियूवेनच्या नाकातून रक्त थांबेना. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला. सासूबाई स्वतःचं फुटलेलं कपाळ विसरून त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी रुग्णवाहिका बोलावली.

तेवढ्यात टेबलाखालून तांगतांग बाहेर आली. पाच वर्षांची माझी पोर, अनवाणी. सांडलेल्या मुळ्यांवर उभी राहिली आणि दोन्ही पायांनी थयथय नाचल्यासारखी तुडवू लागली.

"तांगतांग, बाजूला हो! खापरं लागतील!"

ती थांबली नाही. पाय लाल झाले होते. भाजून की कापून, मला कळेना. मी तिला उचललं, तर माझ्या मानेत तोंड खुपसून तिनं हळूच विचारलं,

"आई, बाबांचा आजार आता माझ्याकडे आला ना? मग ते दवाखान्यातून परत घरी येतील ना?"