पाम चालतो

घरात कुत्रा-मांजर असलेलं गिऱ्हाईक मी लांबून ओळखते. कपड्यांवर केस असतात, आणि कुंडीचा रंग बघायच्या आधी ते पानं बघतं, ती किती खाली लोंबतात ते. मग माझ्याकडे येऊन ठरलेला प्रश्न, "ताई, हे चालतं का हो जनावराला?" एकोणीस वर्षं मी या नर्सरीत आहे. मनी प्लांट नको. डिफेनबेकिया तर मुळीच नको, तोंड सुजतं. मांजर असेल तर लिलीचं नावही काढू नका, अंगावर पडलेले परागकण नुसते चाटले तरी मूत्रपिंडं जातात. स्पायडर प्लांट घ्या, फर्न घ्या, नाहीतर पाम घ्या, पाम चालतो. हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, बहुतेक वेळा मान वर न करता.

आमच्याकडे पाम म्हणजे अरेका. उंच, बारीक दांड्यांचा, झुलत्या पानांचा. दुसरा एक बुटका असतो, अननसासारख्या खोडाचा, वर टोचऱ्या पानांचा. त्याला आम्ही सायकस म्हणतो. तो पाम नाहीच. आणि तो विषारी आहे, पानापासून मुळापर्यंत. बाहेरच्या दुकानांत मात्र तो सागो पाम म्हणून विकतात. हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तिला बिचारीला काय ठाऊक' असं म्हणायला नको.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर त्याने एक कुत्रा आणला, तपकिरी, लांब कानांचा, आणि त्याचं नाव ठेवलं साहेब. म्हणाला, "नोकरीत साहेबाला कधी एक शब्द सुनावता आला नाही. आता दिवसभर म्हणतो, साहेब, खाली बस. साहेब, गप्प राहा." दिवसभर तो खरंच साहेबाशीच बोलायचा. माझ्याशी पंधरा दिवसांतून एकदा, तेही कामापुरतं.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. नर्सरीत ही गर्दी. माझे हात मातीने बरबटलेले, फोन खांद्यात धरलेला.

"अगं, बैठकीची खोली फार ओकीबोकी वाटते. एखादं झाड ठेवावं म्हणतो. पण साहेब सगळ्यात तोंड घालतो."

"पाम घे. पाम चालतो."

"तुझ्याकडे येऊ का घ्यायला?"

"एवढ्या लांबून कुंडी कशाला नाचवत नेतोस? तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल की."

"नक्की ना?"

"दादा, गिऱ्हाईकं खोळंबलीत रे. सांगितलं ना, पाम!"

फोन ठेवला. मिनिटभरही बोललो नसू.

अकरा दिवसांनी त्याचा परत फोन. साहेब सकाळपासून उलट्या करत होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं होतं, त्या म्हणाल्या पोट बिघडलं असेल, औषध दिलंय.

"काही भलतंसलतं खाल्लं का त्याने?"

"त्यांनीही तेच विचारलं. उंदराचं औषध आहे का, फिनेल चाटलं का, झाडं कुठली आहेत. मी म्हटलं, झाड एकच आहे, पाम, आणि ते माझ्या बहिणीने सांगून आणलेलं आहे. तिचं आयुष्य झाडांत गेलंय. मग त्यांनी तो विषय सोडला."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आतून जरा फुललेच मी. दादाने माझं कौतुक केल्याचं मला तरी आठवत नाही, आणि इथे चक्क डॉक्टरसमोर. मी म्हटलं, "आजचा दिवस उपाशी ठेव. होईल बरा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे गेले. साहेब फरशीवर आडवा पडला होता. मला बघून शेपूट एकदा हललं, तेवढंच. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला होता. मी त्याच्याजवळ टेकले आणि खिडकीखाली कुंडी दिसली. सायकस. एका बाजूने खोड कुरतडलेलं, खाली तपकिरी तूस पडलेलं.

"हे काय आणलंस तू?" मी ओरडलेच. "अरे, हा पाम नाही!"

"लिहिलंय की त्याच्यावर," दादा म्हणाला. कुंडीला कागद चिकटवलेला होता. सागो पाम. खाली हसरं पान काढलेलं.

साहेबाला चादरीत गुंडाळून गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी झाडाचं नाव ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. लिव्हर गेलंय म्हणाल्या, पण सलाईन लावते, प्रयत्न करू. मग दादाकडे बघून म्हणाल्या, "काल मी विचारलं होतं तुम्हाला झाडाचं. कालच्या काल कळलं असतं तर बरंच काही करता आलं असतं." रागावून नाही म्हणाल्या. दादा साहेबाची चादर सारखी करत राहिला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

साहेब गेला तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. दादाचा हात त्याच्या कानावर होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि समोरच्या फरशीतली एक फरशी वेगळ्या रंगाची आहे हे बघत होते. रडू आलं नाही. वाईट वाटायला हवं, वाटत नाहीये, एवढंच कळत होतं. कुणी दुसऱ्याच बाईला तिथे उभं केलंय आणि मी तिची पर्स सांभाळतेय असं काहीतरी वाटत होतं. सगळं उरकून नर्सरीत परत आले आणि दुपारभर रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. एकही मोडलं नाही.

चौथ्या दिवशी दादाकडे गेले. ती कुंडी त्याने टाकून दिली होती. माझ्यासाठी चहा केला, स्वतःला घेतला नाही. टेबलाशी बसून साहेबाचा पट्टा तो कितीतरी वेळ गुंडाळत, उलगडत राहिला. मग त्याने विचारलं, "तू फोनवर नेमकं काय म्हणाली होतीस गं? नुसतं पाम? की पुढे काही नाव सांगितलं होतंस आणि माझ्याच डोक्यातून गेलं?"

त्याच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मला आठवत होतं, शब्द न् शब्द.

"अरेका म्हणाले होते," मी म्हटलं. "अरेका पाम."

असं काही ठरवून गेले नव्हते. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सहज तोंडून गेलं, मान वर न करता. गेलं ते गेलं. तेव्हाच 'नाही रे दादा' म्हणायला हवं होतं, तेवढी जीभ उचलली नाही.

दादाने मान हलवली. "अरेका," तो हळूच म्हणाला. "म्हणजे माझीच चूक. आणि चार दिवस मी तुझ्यावर डूख धरून बसलो. माफ कर हं मला."

दादाने मला कधी माफ कर म्हटलेलं नाही. लहानपणी झोक्यावरून पाडून माझा दात पाडला होता, तेव्हाही नाही. मी कपातला गार चहा पिऊन टाकला आणि कामाचं निमित्त करून निघाले.

आता तो मला रोज फोन करतो. वाण्याकडे गेला की वाण्याला सांगतो, खालच्या आजोबांना सांगतो, बहिणीने व्यवस्थित बजावलं होतं, मीच घोटाळा केला. गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठून बघतो. मी फोनवर काही सांगायला लागले की म्हणतो, थांब, लिहून घेतो. तू बोल सावकाश. नर्सरीत मी आता प्रत्येकाला झाडाचं पूर्ण नाव कागदावर लिहून देते. लोक म्हणतात, किती काळजी घेता हो ताई.

परवा त्याचा फोन आला. डोक्याच्या डॉक्टरांकडे त्याने वेळ घेतली आहे, गुरुवारी अकराची. आठवण जायला लागली असेल तर वेळीच कळलेलं बरं म्हणाला. आपल्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं म्हणाला. बाबांचं असं काहीही झालं नव्हतं.

"तू येशील ना सोबत?" तो म्हणाला. "ते विचारतील, नेमकं काय विसरलात. मला कसं सांगता येणार? तू सांग त्यांना."

"येईन," मी म्हटलं.

"थांब हं," तो म्हणाला, "लिहून घेतो."